सबवूफरमुळे होणारी डिकीची खडखड

सबवूफरमुळे होणारी डिकीची खडखड म्हणजे मोटारगाडीत बसवलेल्या सबवूफरच्या खर्जातील ध्वनीमुळे गाडीच्या मागील भागातील पत्रे, आच्छादने, कुलूप, नंबरप्लेट व सुटे सामान यांतून उमटणारा अनाहूत आवाज होय. सेदान प्रकारच्या गाडीत हा आवाज मुख्यतः डिकीचे झाकण आणि मागील काचेखालचा फळा यांतून येतो, तर हॅचबॅक प्रकारच्या गाडीत तो मागील दरवाजा आणि पार्सल ट्रे यांतून येतो. सबवूफर निर्दोष असतानाही ही खडखड होते. संगीताची स्पष्टता तिच्यामुळे कमी होते, गाडीबाहेरच्या लोकांना ती मूळ संगीतापेक्षा अधिक त्रासदायक वाटते आणि गाडीतील खऱ्या यांत्रिक बिघाडाचा आवाज तिच्यात लपून जाऊ शकतो.

खडखड कमी करण्यासाठी डिकीच्या आत सर्वत्र जाड डॅम्पिंग शीट चिकटवणे हा सर्वांत परिचित उपाय आहे. मात्र बहुतेक वेळा खडखडीचे उगमस्थान पत्रा हे नसून दोन भागांमधील फट हे असते. म्हणून आधी आवाजाची जागा शोधणे, मग सैल भाग घट्ट करणे, एकमेकांवर आपटणारे भाग मऊ थराने वेगळे करणे आणि त्यानंतरच पत्र्याचे कंपन शमवणे, हा क्रम अधिक परिणामकारक व कमी खर्चाचा ठरतो.

पार्श्वभूमी

मानवी कानाला सर्वसाधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी अगदी खालच्या, सुमारे २० ते २०० हर्ट्झ या पट्ट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ध्वनिवर्धकास सबवूफर म्हणतात. मोटारगाडीत त्याची वरची मर्यादा बहुधा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवली जाते व त्यापुढील स्वर दरवाजांतील ध्वनिवर्धकांकडे सोपवले जातात. खर्जातील ध्वनी निर्माण करण्यासाठी बरीच हवा हलवावी लागते. त्यामुळे सबवूफरचा शंकू मोठा व पेटी अवजड असते, आणि तेवढी जागा गाडीत डिकीतच मिळते.

डिकीत सबवूफर बसवण्याची आवड अमेरिकेत १९८०च्या दशकात फोफावली. रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली बाजारात आणलेल्या टीआर-८०८ या तालयंत्रातील दीर्घकाळ घुमणारा ढोलाचा ठोका त्या काळच्या हिप-हॉप संगीतात आणि मायामी शहराच्या परिसरात रुजलेल्या ‘मायामी बेस’ या प्रकारात मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. असे संगीत गाडीत मोठ्याने वाजवण्याबरोबरच डिकीच्या खडखडीचा प्रश्नही वाढला. भारतात कारखान्यातून आलेल्या गाडीत नंतर सबवूफर बसवून घेण्याची पद्धत रूढ आहे. हे काम प्रामुख्याने कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांत होते.

कारणमीमांसा

बंद जागेतील खर्ज

हवेतील ध्वनीचा वेग २० अंश सेल्सियस तापमानाला सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो. त्यानुसार ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर येते. गाडीच्या आतील पोकळी याहून बरीच लहान असते. त्यामुळे या स्वराची लाट आतून धावत जाते असे न होता, संपूर्ण पोकळीतील हवेचा दाब जवळजवळ एकाच वेळी वाढतो व कमी होतो. भात्यातील हवा दाबावी व सोडावी तसा हा प्रकार असतो. याच कारणाने लहान सबवूफरही मोकळ्या जागेपेक्षा गाडीत कितीतरी जास्त घुमतो. अशा दाबातून कोणताही पत्रा सुटत नाही, मग सबवूफरचे तोंड कोणत्याही दिशेला असो.

हा दाब किती असतो, याची कल्पना पुढील हिशेबावरून येते. १२० डेसिबल ध्वनिपातळी म्हणजे सुमारे २० पास्कल दाब. डिकीच्या झाकणाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर धरल्यास त्यावर सरासरी २० न्यूटन, म्हणजे साधारण २ किलोग्रॅम वजनाएवढे बल पडते. ४० हर्ट्झच्या स्वरात हे बल दर सेकंदाला ४० वेळा झाकण बाहेर ढकलते व तितक्याच वेळा आत ओढते. शक्तिशाली व्यवस्थेत ही पातळी सहज गाठली जाते. मोटारीच्या झाकणाचा पोलादी पत्रा सुमारे ०.७ मिलिमीटर जाड असतो. त्याची रचना वारा, पाऊस व रस्त्यावरील धक्के सोसण्यासाठी केलेली असते. आतून सतत बसणाऱ्या अशा हिसक्यांचा विचार त्यात सहसा केलेला नसतो.

अनुनाद

प्रत्येक पत्र्याला त्याच्या वस्तुमानावर व ताठरपणावर अवलंबून असणाऱ्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारता असतात. सबवूफरचा स्वर त्यांपैकी एखादीशी जुळला की पत्र्याचे कंपन अनेक पटींनी वाढते. यालाच अनुनाद म्हणतात. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका झोकाही जसा त्याला उंच नेतो, तसेच येथे घडते. म्हणूनच एखाद्या गाण्यातील एकाच सुरावर डिकी खडखडते आणि त्याहून मोठ्या आवाजातील दुसऱ्या सुरावर गप्प राहते.

पत्र्याचे वस्तुमान वाढवल्यास त्याची नैसर्गिक वारंवारता खाली येते व ताठरपणा वाढवल्यास ती वर जाते. दोन्ही उपायांनी अनुनाद नाहीसा न होता केवळ जागा बदलतो. नुसते वजन वाढवल्याने १०० हर्ट्झला होणारा अनुनाद ६० हर्ट्झपर्यंत खाली आला, तर तो सबवूफरच्या ऐन पट्ट्यात येऊन खडखड पूर्वीपेक्षा वाढू शकते. अनुनादाची तीव्रता कमी करायची असेल, तर कंपनाची ऊर्जा शोषून घेणारे अवमंदन आवश्यक असते.

कंपन आणि आघात

पत्रा ४० हर्ट्झला थरथरत असेल आणि त्याला दुसरे काही आपटत नसेल, तर त्यातून निघणारा ध्वनीही मुख्यतः ४० हर्ट्झचाच असतो व तो संगीताच्या खर्जात मिसळून जातो. पत्र्याची कड, स्क्रू, तार किंवा प्लास्टिकचे आच्छादन दुसऱ्या भागावर आपटू लागले की मात्र प्रत्येक आघातातून शेकडो ते हजारो हर्ट्झचे कर्कश ध्वनी बाहेर पडतात. मानवी कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे ऊर्जेने क्षुल्लक असलेली खडखड प्रचंड खर्जावर मात करून ऐकू येते.

आघात सुरू होण्यास फारसे कंपनही लागत नाही. आडव्या पृष्ठभागावर सुटी ठेवलेली वस्तू उडू लागण्यासाठी पृष्ठभागाचे त्वरण गुरुत्वत्वरणाहून, म्हणजे ९.८ मीटर प्रति वर्ग सेकंदाहून, अधिक व्हावे लागते. ४० हर्ट्झला हे घडण्यासाठी पृष्ठभागाचा मध्यस्थितीपासून सुमारे ०.१६ मिलिमीटर वर-खाली होणारा प्रवास पुरतो. ५० हर्ट्झला तर ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या एका पानाच्या जाडीएवढा प्रवास पुरेसा होतो. डोळ्यांना न दिसणारी थरथर पान्यांची पिशवी वाजवू शकते, ती याच कारणाने.

आवाजाचे प्रकार

मोटार उद्योगात अशा अनाहूत आवाजांचा स्वतंत्र वर्ग मानला जातो. मराठीतील ध्वन्यनुकारी शब्दांनी त्यांतील भेद नेमके सांगता येतात आणि आवाजाच्या प्रकारावरून त्याच्या कारणाचा अंदाज बांधता येतो.

खडखड: दोन कठीण भाग वारंवार एकमेकांवर आपटल्याने होते. नंबरप्लेट, जॅक, पाने, कुलपाची कडी व सैल स्क्रू ही तिची नेहमीची ठिकाणे होत.

गुणगुण किंवा झणझण: पातळ प्लास्टिक, दिव्याचे आवरण अथवा तारांचा जुडगा एखाद्या विशिष्ट सुराला वेगाने थरथरल्याने होते. सूर किंचित बदलला की ती थांबते.

करकर: दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना आळीपाळीने अडकल्या-सुटल्याने होते. प्लास्टिकवर प्लास्टिक अथवा कोरड्या रबरावर रंगवलेला पत्रा घासला की ती ऐकू येते.

फडफड: सैल अस्तर, तसेच हवा बाहेर जाण्यासाठी असलेल्या झडपेच्या पातळ पडद्या यांतून येते.

डबडब: मोठा सपाट पत्रा आत-बाहेर होताना येणारा पोकळ आवाज. यात मात्र दोष खरोखर पत्र्याचा असतो आणि डॅम्पिंग शीट हाच त्यावरील योग्य उपाय ठरतो.

उगमस्थानाचा शोध

बंद गाडीत ध्वनी सर्व बाजूंनी परावर्तित होत असल्याने केवळ कानाने खडखडीची जागा ओळखणे कठीण असते. मागच्या दिव्याचा आवाज पुष्कळदा मागील आसनाजवळून आल्यासारखा वाटतो. म्हणून शोध पद्धतशीरपणे घ्यावा लागतो.

प्रथम खडखड सबवूफरचीच आहे की नाही हे ठरवावे. संगीत पूर्ण बंद करून गाडी खराब रस्त्यावरून सावकाश नेल्यावरही आवाज येत असेल, तर त्याचे कारण सस्पेन्शन, सायलेन्सरचे सैल टांगणे, त्यावरील उष्णतारोधक पत्रा किंवा स्टेपनीचा सुटलेला बोल्ट यांपैकी एखादे असू शकते. असा आवाज डॅम्पिंग शीटने दाबणे धोक्याचे असते. कारण त्यामुळे बिघाड तसाच राहतो व त्याची सूचना मात्र मिळेनाशी होते.

त्यानंतर डिकी पूर्ण रिकामी करावी. रिकाम्या डिकीत आवाज थांबल्यास दोष सामानाचा असतो. आवाज थांबला नाही तर मोबाइलवरील स्वरनिर्मितीच्या अ‍ॅपद्वारे २० हर्ट्झपासून १२० हर्ट्झपर्यंत स्वर सावकाश चढवत न्यावा आणि ज्या वारंवारतेला खडखड होते ती नोंदवून ठेवावी. त्याच स्वरावर एका व्यक्तीने आवाज चालू ठेवावा व दुसरीने एकेका भागावर तळहात दाबून पाहावे. ज्या ठिकाणी दाबल्यावर खडखड थांबते, तेथे किंवा त्याच्या लगत उगम असतो. बहुतेक गाड्यांत अशा दोन-तीन वारंवारता व तितकीच ठिकाणे सापडतात. एक आवाज बंद झाला की त्याखाली दडलेला दुसरा ऐकू येऊ लागतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर संपूर्ण चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

सपाट भागातील कंपन पाहण्यासाठी त्यावर कोरडी बारीक वाळू किंवा मीठ पसरता येते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी याने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धातूच्या कंप पावणाऱ्या तबकडीवरील वाळू स्थिर रेषांवर गोळा होते असे दाखवले होते. मागील काचेखालच्या सपाट फळ्यावरही हेच तत्त्व लागू पडते. वाळू जेथून उडून जाते तो भाग सर्वाधिक थरथरतो. प्रयोगानंतर मीठ पूर्णपणे पुसून काढावे लागते, अन्यथा पत्रा गंजतो.

चाचणी मध्यम आवाजात घ्यावी. एकच स्वर मोठ्या शक्तीने दीर्घकाळ वाजवल्यास सबवूफरची तारेची गुंडाळी तापून जळू शकते. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवायचे असल्यास गाडी उघड्यावर असणे अत्यावश्यक आहे. बंद गॅरेजमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असतो.

उपाय

सैल भाग घट्ट करणे

स्टेपनीचा मधला बोल्ट आवळणे, जॅक त्याच्या खोबणीत पूर्ण ताणून बसवणे, पाने जाड कापडात गुंडाळणे आणि आच्छादनांच्या तुटलेल्या क्लिपा बदलणे या गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. डिकीच्या झाकणाच्या किंवा मागील दरवाजाच्या दोन्ही कोपऱ्यांत रबरी गुंड्या असतात. पुष्कळ गाड्यांत त्या फिरवून पुढे-मागे करता येतात. त्या थोड्या बाहेर काढल्यास बंद झाकणावर ताण येतो व ते कुलपात हलेनासे होते. कुलूप ज्या कडीत अडकते तिची जागाही तिचे बोल्ट सैल करून थोडी सरकवता येते. हा बदल मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा असावा. जास्त ताण दिल्यास झाकण नीट बंद होत नाही आणि चालत्या गाडीत उघडण्याचा धोका निर्माण होतो.

सबवूफरची पेटीही डिकीच्या तळाला पट्ट्याने किंवा कंसांनी पक्की करणे आवश्यक असते. सुटी पेटी स्वतःच्या प्रतिक्रियेने सरकते व खडखडते. अपघातात किंवा जोरात ब्रेक लावल्यावर तीच आसनाच्या पाठीवर आदळू शकते. पक्की करताना डिकीच्या तळाला छिद्र पाडण्यापूर्वी त्याखाली इंधनाची टाकी, ब्रेकची नळी किंवा तारा नाहीत याची खालून खात्री करून घ्यावी लागते.

भाग वेगळे करणे

जे भाग आवळता येत नाहीत त्यांच्यामध्ये मऊ थर घातला जातो. आपटणाऱ्या भागांसाठी बंद पेशींचा फोम व घासणाऱ्या भागांसाठी फेल्टची पट्टी वापरतात. तारांच्या जुडग्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळून तो जवळच्या आधाराला बांधतात. पार्सल ट्रेच्या टेकण्याच्या जागी फोमचे लहान तुकडे लावतात. मागील काचेजवळचा ब्रेकचा दिवा व आसनपट्ट्यांच्या गुंडाळ्या यांची आवरणे उघडून त्यांच्या कडांनाही फेल्ट लावता येते.

झाकणाभोवतीच्या रबरी बीडिंगला चिरा पडल्या असतील तर ती बदलावी. ती केवळ कोरडी पडली असेल तर सिलिकॉनयुक्त वंगणाचा हलका हात पुरतो. खनिज तेल किंवा ग्रीस लावल्यास रबर फुगून खराब होते.

नंबरप्लेट

पाश्चात्त्य देशांतील मार्गदर्शनात नंबरप्लेट काढून तिच्यामागे फोम लावण्याचा सल्ला दिला जातो. भारतात तो जसाच्या तसा लागू पडत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट अनिवार्य असून मागील प्लेट पुन्हा वापरता न येणाऱ्या स्नॅप लॉकने जखडलेली असते. ती उचकटल्यास लॉक तुटते व अधिकृत केंद्रातून ते पुन्हा बसवून घ्यावे लागते. म्हणून प्लेट न काढता तिच्या कडेखाली फोमचे पातळ, चिकट तुकडे सरकवणे हा सोयीचा मार्ग आहे. प्लेटवरील अक्षरे, होलोग्राम व लेझरने कोरलेला क्रमांक यांपैकी काहीही झाकले जाणार नाही हे पाहावे. प्लेटभोवती प्लास्टिकची चौकट असल्यास पुष्कळदा तीच वाजत असते.

पत्र्याचे अवमंदन

फटींचा बंदोबस्त झाल्यावर उरलेली थरथर शमवण्यासाठी डॅम्पिंग शीट वापरतात. ही शीट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला चिकटवलेला ब्युटाइल रबराचा थर होय. पत्रा वाकू लागला की मधला चिकट-लवचीक थर पत्रा व अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये कातरला जातो आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. दोन ताठर थरांमध्ये कोंडलेल्या अशा थराच्या अवमंदनाचे गणिती विवेचन अमेरिकन संशोधक एडवर्ड केर्विन यांनी १९५९ साली केले. ब्युटाइल रबर त्याआधीच, १९३७ साली, विल्यम स्पार्क्स व रॉबर्ट थॉमस यांनी अमेरिकेत विकसित केले होते.

या रचनेचा परिणाम जाडीपेक्षा चिकटण्यावर अधिक अवलंबून असतो. पत्रा स्पिरिटने पुसून तेलविरहित करावा, शीट लोखंडी रोलरने दाबून बसवावी आणि आत हवेचे फुगे राहू देऊ नयेत. पत्र्याचा मधला, आधार नसलेला भाग सर्वाधिक हलतो. त्यामुळे शीट तेथे प्रथम लावावी. साधारण पाव ते निम्मा भाग झाकल्यावर बहुतांश लाभ मिळून जातो. त्यापुढे वजन व खर्च ज्या प्रमाणात वाढतात, त्या प्रमाणात खडखड कमी होत नाही. २ मिलिमीटर जाडीच्या शीटचे वजन चौरस मीटरला ३ किलोग्रॅमच्या आसपास असते. झाकणाचे वजन फार वाढल्यास ते वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे किंवा स्प्रिंगा अपुऱ्या पडून उघडे झाकण डोक्यावर येऊ शकते.

छतावर जलरोधनासाठी लावतात त्या डांबरी पट्ट्या स्वस्त पर्याय म्हणून वापरल्या जातात. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा एवढा तापतो की डांबर मऊ होऊन ओघळते, त्याचा वास गाडीत भरतो व उभ्या भागावरील पट्ट्या सुटतात. आधुनिक ब्युटाइल शीट या बाबतीत अधिक टिकाऊ असते.

ध्वनियंत्रणेतील बदल

खडखडीची वारंवारता ठाऊक असेल तर ध्वनियंत्रणेतील समकारकाने, म्हणजे इक्वलायझरने, नेमका तेवढाच अरुंद पट्टा काही डेसिबलने खाली आणता येतो. छिद्रयुक्त पेटीच्या जुळणीच्या वारंवारतेखालील स्वर गाळणारा फिल्टर लावल्यास निरुपयोगी हालचाल कमी होते. पेटीची जागा किंवा तिच्या तोंडाची दिशा बदलल्यानेही काही वेळा फरक पडतो. एकाच पेटीत दोन सारखे सबवूफर परस्परविरुद्ध दिशांना बसवल्यास त्यांची प्रतिक्रिया-बले एकमेकांना छेदतात व पेटीतून तळाला जाणारी थरथर घटते. हवेतून पसरणाऱ्या दाबावर मात्र या रचनेचा परिणाम होत नाही.

दक्षता

डिकीत काम करताना काही छिद्रे व मार्ग बुजवले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. झाकणाच्या व दरवाजाच्या खालच्या कडेची छिद्रे पावसाचे पाणी निचरण्यासाठी असतात. ती शीटने झाकल्यास पाणी आत साचून पत्रा आतून गंजतो. कोकण व मुंबईसारख्या अतिवृष्टीच्या आणि दमट हवेच्या प्रदेशांत हा परिणाम लवकर दिसतो. याच कारणाने पाणी धरून ठेवणारा साधा स्पंज डिकीत वापरू नये. मागील बंपरआड असलेल्या हवेच्या झडपांतून फडफड आली तरी त्या बंद करू नयेत. गाडीतील हवा खेळती राहणे व दरवाजे सहज बंद होणे त्यांच्यावर अवलंबून असते.

डिकीत सीएनजीची टाकी असलेल्या गाड्यांत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. अशा गाड्या मुंबई व पुणे परिसरात मोठ्या संख्येने आहेत. टाकीच्या पट्ट्यांतून किंवा चौकटीतून आवाज येत असल्यास ते बोल्ट स्वतः सैल करू नयेत किंवा त्यांत फोम भरू नये. ती तपासणी अधिकृत सीएनजी केंद्राकडूनच करून घ्यावी. टाकीच्या झडपेभोवतालच्या आवरणातून गळका वायू गाडीबाहेर नेणारी नळी दबली किंवा बुजली, तर वायू डिकीत साचू शकतो. डिकीत सबवूफरच्या विद्युत तारा असताना हे अधिकच धोकादायक ठरते. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी करताना ती बाहेर काढावी लागत असल्याने सबवूफरची पेटी सहज हलवता येईल अशी असावी.

मर्यादा

खडखड थांबवणे आणि ध्वनिरोधन या दोन भिन्न गोष्टी आहेत. भिंतीचे वस्तुमान दुप्पट केल्यावर तिच्यातून पार होणारा ध्वनी सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त ६ डेसिबलने घटतो. ०.७ मिलिमीटर पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ५.५ किलोग्रॅम असते. त्यावर ३ किलोग्रॅमची शीट चढवल्याने ४० हर्ट्झचा खर्ज बाहेर जाण्याचे थांबत नाही. सर्व उपाय करूनही बाहेरच्या माणसाला सबवूफरचा ठोका ऐकू येतोच. त्यासोबतची खडखड तेवढी जाते.

खडखड नाहीशी झाल्याने आवाज सुरक्षित पातळीवर आला असा समज होण्याचाही संभव असतो. ध्वनिमापनात रूढ असलेल्या ‘ए’ भारित डेसिबल मोजपट्टीत ५० हर्ट्झच्या स्वराचे मूल्य सुमारे ३० डेसिबलने कमी धरले जाते. त्यामुळे खर्जप्रधान संगीताची मापकावरील नोंद प्रत्यक्ष ध्वनिदाबाच्या मानाने बरीच कमी दिसते. आठ तासांच्या सहवासासाठी ८५ ‘ए’ भारित डेसिबल ही मर्यादा व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात प्रचलित असून पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित कालावधी निम्मा होतो, असे धरतात.

भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील ध्वनिपातळीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री, म्हणजे १० ते सकाळी ६ या वेळेत, ४५ डेसिबल आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० मध्ये ध्वनिप्रदूषणविषयक मानकांचा भंग करून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवल्यास दंडाची तरतूद आहे. या तरतुदी आवाज खडखडीचा की संगीताचा असा भेद करत नाहीत. वरील सर्व उपायांनंतरही एखाद्या पातळीपुढे डिकी पुन्हा वाजू लागत असेल, तर आवाज त्या पातळीखाली ठेवणे हाच उपाय उरतो. त्याला काहीही खर्च येत नाही आणि तो गाडीतील व गाडीबाहेरील दोघांच्याही हिताचा असतो.